माथ्यावरची झाडं गरीब आहेत म्हणे

"माथ्यावरची झाडं गरीब निघाली," असं सर दारातूनच म्हणाले, तेव्हा ती जेलचा ट्रे धूत होती. नळ तसाच वाहता ठेवून तिनं मागे पाहिलं.

सर खुशीत होते. रोपवेच्या समितीनं आपला, प्रयोगशाळेचा अहवाल आधाराला घेतलाय, म्हणाले. इतक्या वर्षांत प्रयोगशाळेतून बाहेर पडलेलं काही कुणी वाचल्याची ही पहिलीच वेळ. रोपवेचं वरचं स्थानक माथ्यावर बांधायचं की नाही हा प्रश्न अडून बसला होता, कारण तिथं ती सूचिपर्णी झाडं आहेत, आणि ती जात जगातूनच कमी होत चालली आहे. आता अडचण सुटली. खालच्या रानातली झाडं आपापसांत भरपूर वेगळी आहेत, ती राखायची. माथ्यावरची सगळी एकमेकांसारखी, जनुकीयदृष्ट्या गरीब. ती गेली तरी जातीचं फारसं काही जात नाही.

"असं कोण म्हणालं?" तिनं विचारलं.

"आपणच. तुमच्या मार्करवरून, ताई."

तिनं नळ बंद केला.

प्रयोगशाळेत सगळेच तिला ताई म्हणत, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले सरसुद्धा. एकदा ताई झालं की माणसाला मॅडम होता येत नाही, हे तिला जरा उशिरा कळलं होतं. कायम होण्याच्या मुलाखतीत तिला विचारलं होतं, परदेशातल्या किती परिषदांत निबंध वाचलेत. बाकीचे परिषदांना जाताना प्रयोगशाळेच्या किल्ल्या तिच्याच हातात देऊन जात, त्यामुळे उत्तर सोपं होतं. पण तो वेगळा विषय.

मार्कर म्हणजे काय, हे तिनं आजवर इतक्यांना समजावलं होतं की झोपेत उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. झाडाच्या डीएनएच्या लांबलचक धाग्यात मधूनमधून अशा जागा असतात, जिथं तीच दोन-तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात, बोलताना अडखळणाऱ्या माणसासारखी. एक झाड त्या जागी नऊदा अडखळतं, दुसरं चौदा वेळा. तेवढ्याच तुकड्याच्या भरपूर प्रती काढून त्या जेलमधून, म्हणजे खळीसारख्या थिजलेल्या थरातून, विजेच्या जोरावर पळवल्या की आखूड तुकडा पुढे जातो, लांब मागे रेंगाळतो, आणि कोणतं झाड कोणाहून वेगळं ते डोळ्यांना दिसतं. अशी एखादी जागा नेमकी पकडता आली की झाला मार्कर. जागा शेकड्यांनी सापडतात. कामाच्या फार थोड्या असतात.

कामाच्या कोणत्या, हे ठरवायला सुरुवातीला काही झाडं निवडावी लागतात. एकेक जागा त्या झाडांवर तपासायची. सगळ्यांत तुकडा सारख्याच लांबीचा आला तर ती जागा मुकी, टाकून द्यायची. वेगवेगळा आला तर ठेवायची. ती सुरुवातीची झाडं खालच्या रानातली होती. का, तर जीप तिथवर जात होती. त्या वर्षी माथ्याकडे जाणारा पूल वाहून गेला होता आणि ड्रायव्हरची कंबर धरली होती. विज्ञानाचं कारण म्हणाल तर एवढंच.

म्हणजे खालच्या झाडांत जे बदलतं, तेवढंच निवडलं गेलं. खाली जे बदलत नाही पण वर कदाचित बदलत असेल, ते सगळं पहिल्याच चाळणीत बाहेर पडलं. पूल झाल्यावर माथ्यावरच्या झाडांची पानं आली, आणि तीही त्याच निवडक मार्करनी तपासली गेली. फरक कमी दिसला. दिसणारच होता. तिनं तेव्हाच सरांना म्हटलं होतं, वरच्या झाडांवरून वेगळे मार्कर काढू या, नाहीतर ही तुलना म्हणजे चेष्टा आहे. सर म्हणाले होते, अगदी बरोबर, पुढच्या टप्प्यात घेऊ. पुढचा टप्पा मंजूरच झाला नाही. अहवालात मात्र ते एक वाक्य राहून गेलं, कारण अहवाल म्हटला की शेवटी काहीतरी वाक्य लागतंच.

"सर, हे चूक आहे," ती म्हणाली.

"चूक नाही, ताई. अपुरं आहे."

"मग अपुऱ्यावर करवत चालवतायत."

सर स्टुलावर बसले. माणूस वाईट नव्हता. तिच्या ऑपरेशनच्या वेळी रक्त द्यायला सगळ्यांत आधी येऊन उभे राहिलेले तेच. ते शांतपणे म्हणाले की आपण त्याच अहवालात 'अधिक अभ्यासाची गरज आहे' असंही लिहिलंय. ती म्हणाली, ते सगळ्याच अहवालांत असतं, पत्राखाली 'आपला विश्वासू' असतं तसं. सरांना हसू आलं. तिला आलं नाही.

सुनावणी पुढच्या आठवड्यात होती. बोलावणं सरांना होतं, पण प्रकल्प संपलेला, निवृत्ती तोंडावर आलेली, आणि समितीतले दोघे त्यांच्याच हाताखाली शिकलेले. त्यांना तोंडघशी पाडणं बरं दिसत नाही, म्हणाले. ताई जाऊ शकतात, कुणीही नागरिक जाऊ शकतो, वैयक्तिक पातळीवर. वैयक्तिक पातळीवर म्हणजे, जणू ती झाडं तिच्या गॅलरीतल्या कुंड्यांत होती.

मुक्या जागा पकडणाऱ्या द्रावणांच्या कुप्या तिनं फेकल्या नव्हत्या. यात दूरदृष्टी वगैरे काही नाही. फेकायच्या तर त्या वेगळ्या पिशवीत भरून दुसऱ्या मजल्यावरून सही आणावी लागे, आणि सही देणारा माणूस कधी जागेवर नसे. म्हणून फ्रीझरच्या तळाशी त्या तशाच पडून होत्या, डब्यावर 'नापास' असं तिच्याच अक्षरात. माथ्यावरच्या आणि खालच्या झाडांचा डीएनएही थोडा शिल्लक होता. तिनं डबा वर काढला, बर्फ खरवडला आणि कुणाला न विचारता कामाला लागली. विचारलं असतं तर 'कोणत्या प्रकल्पाखाली?' असं आलं असतं, आणि त्याला उत्तर नव्हतं.

चारेक दिवस ती दुपारचा डबाही उभ्याउभ्या खात होती. मग एका सकाळी तिनं जेल दिव्यावर ठेवलं. डावीकडे खालची झाडं, उजवीकडे माथ्यावरची. डावीकडच्या पट्ट्या एका रेषेत, मुकाट. उजवीकडच्या वर-खाली, वर-खाली, लहान मुलांनी जिन्यावर धिंगाणा घालावा तशा. दुसरं जेलही तसंच. तिसऱ्यात काही नव्हतं, चौथ्यात पुन्हा होतं. नापास ठरवलेल्या बऱ्याच जागा वर मनसोक्त बोलत होत्या.

याचा अर्थ माथा श्रीमंत आणि खालचं रान भिकारी, असाही नव्हता, एवढं तिला कळत होतं. या कुप्यांनी मोजलं तर खालचं रान गरीब ठरलं असतं. गरीब कुणीच नव्हतं. दोन्हीकडे वेगवेगळं काही साठलेलं होतं आणि यांनी एकीकडच्याच कपाटाची किल्ली घेऊन दोन्ही घरांची झडती घेतली होती.

आधी तिला आनंद झाला, इतक्या वर्षांची सवय. मग राग आला, आणि तो आनंदापेक्षा बराच जास्त टिकला.

सरांनी जेलचे फोटो बराच वेळ पाहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून पाहिले. सुंदर काम आहे, म्हणाले. याचा चांगला पेपर होईल, आणि या वेळी आभाराच्या परिच्छेदात नाही, लेखकांत नाव टाकू तुमचं.

"झाडं उभी असताना की पडल्यावर?"

"पेपरला दोन्ही चालतं, ताई," सर म्हणाले, आणि मग त्यांचं त्यांनाच ते ऐकू आल्यासारखी त्यांनी मान खाली घातली.

घरी तिनं हे सगळं जेवताना सांगितलं. तिचा नवरा शिंपी. बाहेरची खोली म्हणजेच त्यांचं दुकान, आणि तो जेवतानाही गळ्यातली टेप काढत नसे. तो एखादी गोष्ट समजून घेताना चावणं थांबवायचा, आताही थांबवलं.

"म्हणजे बघ," तो म्हणाला, "माझ्या अंगावर शर्ट बेतला. मग तोच शेजाऱ्याच्या अंगावर चढवला, आणि वर त्यालाच म्हणाले, तू बेढब आहेस."

"अगदी असंच."

"आमच्या धंद्यात असलं केलं तर गिऱ्हाईक शर्ट तोंडावर फेकून जातं."

सासूबाई भात कालवत होत्या. सुनेच्या नोकरीबद्दल त्यांचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. झाडांची नाती शोधायला हिला पगार मिळतो, म्हणाल्या, आणि सख्ख्या नणंदेला फोन करायला सवड होत नाही. मग थोड्या वेळानं, ताटावरून नजर न उचलता त्यांनी विचारलं, "त्या सभेत बायका असतील का आणखी?"

"माहीत नाही."

"मग निळी नेस. ती नेसून तू रागावलेली दिसतेस."

नवऱ्यानं निळ्या साडीला इस्त्री करून दिली आणि बजावलं, शर्टाचं उदाहरण खुशाल दे, पण दुकानाचं नाव सांगू नकोस.

तिला एकच धास्ती होती, लोकांना कळणार नाही याची. जनुकं, जागा, लांबी, चाळणी. सभागृहात निम्मे लोक कंत्राटदाराचे, उरलेले कार्यालयातले. सगळा आठवडा ती वाक्यं सोपी करत होती. भांडी घासताना एक शब्द काढून टाकायची, बसमध्ये दुसरा. इतकं सोपं करायचं की कुणाला 'हे आमच्या डोक्यावरून गेलं' म्हणायला जागाच उरू नये.

सभागृह थंडगार होतं. मांडलेल्या खुर्च्यांपैकी मागच्या भरल्या होत्या, पुढच्या मोकळ्या. व्यासपीठावर अध्यक्ष, गोरेपान, हसतमुख, सुनेला आवडावेत असे सासरे. बाजूला रोपवे बांधणाऱ्या कंपनीचा तज्ज्ञ, नीटनेटका तरुण माणूस. तिचा नंबर आला तेव्हा माइक तिच्या उंचीपेक्षा वर होता आणि खाली येत नव्हता. ती मान वर करून बोलली.

आणि चांगलं बोलली. पूल वाहून गेल्याचं सांगितलं, ड्रायव्हरच्या कंबरेचंही. मार्कर म्हणजे काय ते सांगितलं. शर्टाचं सांगितलं तेव्हा मागच्या रांगांत हशा पिकला, आणि तो तिला नव्हता, त्या बिचाऱ्या शेजाऱ्याच्या बाजूनं होता. मग तिनं जेलचे फोटो वर धरले. इथं रेषा सरळ, इथं वरखाली. माथ्यावरची झाडं गरीब नाहीत, म्हणाली, आम्ही त्यांना त्यांचा प्रश्नच विचारला नव्हता.

अध्यक्षांनी टाळी वाजवली. खरोखर वाजवली. मग सगळ्यांसाठी त्यांनी तिचंच म्हणणं पुन्हा मांडलं, तिच्यापेक्षाही मुद्देसूद, आणि तज्ज्ञाकडे वळून विचारलं की या ताई म्हणतात ते बरोबर आहे का.

"शंभर टक्के बरोबर," तज्ज्ञ म्हणाला. "हा दोष या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असतो. पुस्तकातच आहे."

तिला वाटलं, झालं. तिनं फोटो गोळा करायला घेतले. जिंकलं की असंच करत असावेत, तिला अनुभव नव्हता.

मग अध्यक्ष म्हणाले की ताईंच्या मांडणीची समिती अत्यंत आदरानं दखल घेत आहे. मात्र समितीपुढचा अधिकृत अहवाल ताईंच्याच संस्थेचा आहे, संस्थेनं तो मागे घेतलेला नाही, आणि नवी माहिती अजून कुठं प्रसिद्ध झालेली नाही. तेव्हा मान्यता देऊ या, पण एका अटीवर. जितकी झाडं जातील त्याच्या दुप्पट रोपं लावायची, आणि तीही खालच्या रानातल्या बियांची, कारण त्या रानातली विविधता जास्त आहे हे सिद्ध झालेलं आहे.

ती माइकपासून हलली नव्हती.

"साहेब," ती म्हणाली, "आत्ताच तर तुम्ही मान्य केलंत."

"मान्यच आहे, ताई."

"मग खालच्या बिया वर कशाला? ज्याचं घर पाडलं त्याच्या जागी शेजाऱ्याला आणून बसवायचं, आणि डोकी मोजून म्हणायचं की वाडी भरलेली आहे?"

"फार छान बोलता तुम्ही," अध्यक्ष म्हणाले, मनापासून, आणि पुढच्या विषयाला हात घातला. पुढचा विषय वाहनतळाचा होता.

चहाच्या टेबलाशी तज्ज्ञ तिच्याकडे आला. त्याला खरंच कौतुक वाटत होतं. इतकं कठीण इतकं सोपं करून सांगणारं माणूस त्यानं पाहिलं नव्हतं, तुम्ही शिक्षिका का झाला नाहीत, असं त्यानं विचारलं. तिनं कप खाली ठेवला. हातात राहिला असता तर चहा त्याच्या पांढऱ्या शर्टावर जायला वेळ लागला नसता. एखाद्याला कळत नसेल तर त्याच्यावर रागावता येतं, किंवा पुन्हा समजावता येतं, किंवा देव त्याला बुद्धी देवो म्हणून घरी जाता येतं. ज्याला सगळं कळलंय त्याचं काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं सरांना अहवाल मागे घ्यायला सांगितलं. एका ओळीचं पत्र, एवढंच. सर खिडकीशी उभे राहिले. संस्थेचं नाव आहे, म्हणाले, आणि तीस वर्षांची नोकरी. चूक असती तर घेतलाच असता मागे. पण चूक कुठं आहे, मोजलं ते बरोबरच मोजलंय ना आपण.

"हो," ती म्हणाली. "माझं मोजणं कधी चुकत नाही. म्हणून तर त्यांना उपयोगी पडलं."

मग तिनं स्वतःच समितीला पत्र पाठवलं, मार्कर काढणारी म्हणून. पोच आली. पोचेत तिचे आभार मानले होते.

झाडं तोडायला सुरुवात होणार असल्याचं तिला जीपच्या ड्रायव्हरकडून कळलं; त्याचा मेव्हणा तिथं कामाला होता. तिनं रजा टाकली. कारणाच्या जागी 'घरगुती' लिहिलं. नवऱ्यानं विचारलं नाही, फक्त तिच्या पाठपिशवीत पाण्याची दुसरी बाटली घातली. सासूबाई मात्र दारापर्यंत आल्या. एवढ्या लांब जाऊन करणार काय आहेस, म्हणाल्या. ती म्हणाली, पानं घेऊन येते. सासूबाईंनी मान हलवली, जसं काही पानं आणायला जाणं हे आजारी माणसाला भेटायला जाण्यासारखंच असतं, रिकाम्या हातानं परत आलं तरी जायचं असतं.

माथ्यावर पोचायला पुलापासून दोन तास चढ. वरच्या उघड्या जागेत यंत्रांचा आवाज अंगावर येत होता. काही झाडं आडवी झाली होती, बरीच अजून उभी. पडलेल्या एका लांब खोडावर कामगार ओळीनं बसून भाकरी खात होते. मुकादम उठून पुढे आला. रापलेला, कानात कापसाचे बोळे घातलेला माणूस.

"कोणत्या खात्याच्या?"

"कोणत्याच नाही."

"मग आत येता येणार नाही, ताई. झाड अंगावर पडलं तर मी काय उत्तर देऊ?"

तिनं सांगितलं की ही झाडं ती ओळखते, तशी बारा-तेरा वर्षांपासून, पण बंद नळ्यांतून. प्रत्येकाची चार पानं घ्यायची आहेत. पडलेल्यांची आज, उभ्यांची पडायच्या आधी.

"त्यानं तोडणं थांबेल का?"

"नाही."

"मग?"

"एकमेकांसारखी होती म्हणून पाडली, असं लिहिलंय," ती म्हणाली. "ती तशी नव्हती. एवढं तरी खरं राहू दे."

मुकादमानं एका कानातला बोळा काढला होता, तो पुन्हा घातला नाही. त्यानं तिला वाट करून दिली.

ती अलीकडच्या एका आडव्या झाडाच्या कडेकडेनं शेंड्याकडे गेली. या जातीला बियांचे शंकू लागतात ते अगदी शेंड्याला, जमिनीवरून दुर्बिणीतूनच दिसतील इतके उंच. आता शेंडा तिच्या गुडघ्याशी होता. ती खाली बसली. शंकू हिरवे होते, मुठीत मावतील एवढे, खवले एकमेकांवर घट्ट मिटलेले. तिनं एकाला बोट लावलं तर बोट चिकटलं.

मुकादम मागून आला होता. त्यानंही वाकून पाहिलं. त्याला गावाकडे कुठंतरी थोडी जागा होती, बोलण्यावरून वाटलं.

"लावलं तर रुजेल हे?"

तिनं अंगठ्यानं खवला उचकटून पाहिला. आतलं बी पांढरं, दुधाळ होतं, नखानं दाबलं तर फुटेल असं.

"नाही," ती म्हणाली. "यांना दोन पावसाळे लागतात पिकायला. हा पहिलाच."

तिनं चार पानं तोडली, पिशवीत घातली, पिशवीवर खूण केली आणि पुढच्या झाडाकडे निघाली. पुढचं झाड म्हणजे कामगार बसले होते ते. ती जवळ येताना दिसली तसे ते एकेक करून उठले. त्या सगळ्या माथ्यावर बसायला खोडांशिवाय दुसरं काहीच नव्हतं. भाकरी हातात धरून ते उभे राहिले, आणि ती दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या झाडाकडे गेल्यावरही तसेच उभे होते.